काम सुटलेल्यांसाठी सरकारी मोफत प्रशिक्षण: कोर्सला नाव घालण्याआधी काय बघायचं?

फिटरभाऊ

कारखान्याला टाळं लागलं, युनिट दुसऱ्या राज्यात हललं, यंत्रमाग भंगारात गेले, जमीन धरणात किंवा रस्त्यात गेली. कारण कुठलंही असो, माणूस घरी बसला की आठवडाभरात कोणीतरी सांगत येतं, "अमक्या सेंटरला फुकट कोर्स आहे, आधार कार्ड घेऊन ये." माणूस जातो, दोन-तीन महिने बसतो, लॅमिनेट केलेलं प्रमाणपत्र घेऊन परत घरी येतो. योजना खोट्या नसतात. चूक होते ती निवडीत. कोर्सचं नाव बघून प्रवेश घेतला जातो. बघायला हवं ते हे की कोर्स संपल्यावर हातात काय पडतं.

त्या हिशेबाने सरकारी प्रशिक्षणाचे पाच प्रकार पडतात. आरपीएल, म्हणजे येत असलेल्या कामाची परीक्षा घेऊन दाखला. यात फक्त कागद मिळतो. दीनदयाळ उपाध्याय ग्रामीण कौशल्य योजना (डीडीयू-जीकेवाय), हिच्या शेवटी पगाराची नोकरी अपेक्षित आहे. आरसेटीच्या (बँकांनी चालवलेल्या ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था) शेवटी बँकेचं कर्ज आणि स्वतःचा धंदा. पीएम विश्वकर्मा या कारागिरांच्या योजनेच्या शेवटी अवजारं आणि सवलतीचं कर्ज. आयटीआय किंवा अप्रेंटिसशिपच्या शेवटी असा दाखला, जो कंपनीच्या भरतीत आणि सरकारी जाहिरातीत चालतो. वायरमनचं उदाहरण घ्या. दोन-तीन महिन्यांच्या इलेक्ट्रिशियन कोर्सच्या दाखल्यावर वायरमनचा परवाना मिळेल असं कोणी सांगत असेल तर नाव घालण्याआधी परवाना देणाऱ्या कार्यालयात जाऊन विचारा. आयटीआयचा वायरमन दोन वर्षांचा आणि वेल्डर एक वर्षाचा, दोन्हींना आठवी पास चालते. घरात दुसरं कोणी कमावतं असेल तर चाळिशीच्या आतल्या माणसाने हा रस्ता आधी तपासावा.

प्रधानमंत्री कौशल्य विकास योजना (पीएमकेव्हीवाय) मी मुद्दाम शेवटी घेतोय. पहिल्या तीन टप्प्यांत नोकरी लागली का याची नोंद ठेवली जायची. चौथ्या टप्प्यात प्रशिक्षणाला नोकरीची अट जोडलेली नाही. त्यामुळे "शंभर टक्के प्लेसमेंट" असा फलक दिसला तर कुठल्या कंपनीत, किती पगारावर आणि मागच्या बॅचचे किती जण अजून तिथे आहेत, एवढे तीन प्रश्न विचारा.

अनुभवी मंडळींनी भर घालावी.

---

श्रमकायदा

फिटरभाऊ, चांगला धागा. पण प्रशिक्षणाच्याही आधी एक पायरी आहे आणि तिथेच सगळ्यात मोठं नुकसान होतं: राजीनामा.

कंपनी बंद करताना व्यवस्थापन गोड बोलून राजीनामे लिहून घेतं. "हिशेब लवकर होईल" असं सांगतात. राजीनामा दिला की ती कामगारकपात राहत नाही. मग कपातीची भरपाई (भरलेल्या दर वर्षाला १५ दिवसांचा सरासरी पगार) जाते आणि तिच्या आधारावर मिळणारं बाकीचंही जातं. औद्योगिक संबंध संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. तिच्या कलम ८३ मध्ये कामगार पुनर्कौशल्य निधी आहे. कपात झालेल्या प्रत्येक कामगारामागे मालकाने १५ दिवसांचा शेवटचा पगार निधीत भरायचा आणि ती रक्कम कपातीपासून ४५ दिवसांत कामगाराच्या खात्यात जमा व्हायची. नवं काम शिकण्यासाठी कायद्याने थेट कामगाराच्या हातात दिलेला हा पैसा आहे.

इथे एक गल्लत नेहमी होते. भरपाई दर वर्षामागे १५ दिवसांची, पुनर्कौशल्याची रक्कम एकूण एकदाच १५ दिवसांची. दोन्ही वेगळ्या आहेत आणि दोन्ही मिळायला हव्यात. हिशेबाच्या कागदावर दोन स्वतंत्र ओळी नसतील तर सही करू नका.

ठरावीक मुदतीच्या करारावर असलेल्यांची मुदत संपली तर ती कपात धरत नाहीत, त्यामुळे हा निधी त्यांना मिळत नाही. मात्र एक वर्ष भरलं असेल तर त्यांची ग्रॅच्युइटी मागायला विसरू नका.

---

निशिगंधा

ईएसआयचं (कर्मचारी राज्य विमा) मी सांगते, कारण कोर्सच्या काळात चूल कशी पेटायची हा खरा प्रश्न असतो.

अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना १ जुलै २०१८ पासून आहे. काम सुटलेल्या विमाधारकाला सरासरी रोजच्या कमाईच्या निम्मे पैसे, जास्तीत जास्त ९० दिवस, आयुष्यात एकदा. नोकरीला किमान दोन वर्षं झालेली हवीत आणि बेकार होण्याच्या आधीच्या अंशदान कालावधीत (हा सहा महिन्यांचा असतो) ७८ दिवसांचं अंशदान हवं. काम सुटल्यावर ३० दिवसांनी अर्ज करता येतो आणि त्यावर मालकाची सही लागत नाही. योजनेची मुदत तुकड्यातुकड्यांनी वाढवली जाते, तेव्हा ती सध्या चालू आहे ना, हे शाखा कार्यालयात आधी विचारा.

रक्कम किती येईल? मागच्या चार अंशदान कालावधींतली एकूण कमाई भागिले ७३०. दरमहा १५,००० असेल तर दोन वर्षांचे ३,६०,०००, म्हणजे रोजचे ४९३. त्याचे निम्मे गुणिले ९०, साधारण २२,२०० रुपये. तीन महिन्यांच्या कोर्सला एवढा आधार पुरवून पुरवून वापरता येतो.

गैरवर्तनासाठी काढलेल्यांना किंवा स्वेच्छानिवृत्ती घेतलेल्यांना ही मदत नाही. कारखाना बंद झाला किंवा कायदेशीर कपात झाली असेल तर राजीव गांधी श्रमिक कल्याण योजनाही बघा. तिच्यात भत्ता २४ महिन्यांपर्यंत आहे, पहिले १२ महिने पगाराच्या ५० टक्के आणि पुढचे १२ महिने २५ टक्के. शिवाय कौशल्य वाढवण्याच्या प्रशिक्षणाची फी ईएसआय महामंडळ भरतं. हा शेवटचा भाग कार्यालयात आपणहून कोणी सांगत नाही. "प्रशिक्षणाची सोय हवी आहे" असं अर्जासोबत लेखी द्या आणि पोच घ्या.

आणि हो, कंपनीने भविष्यनिर्वाह निधीच्या पोर्टलवर "नोकरी सोडल्याची तारीख" आणि कारण काय टाकलंय ते मोबाइलवर बघून ठेवा. तारीख टाकलीच नसेल तर शेवटच्या अंशदानानंतर दोन महिन्यांनी कामगार स्वतः ती टाकू शकतो. कारण चुकीचं टाकलं असेल तर लगेच लेखी हरकत घ्या.

---

वारणाकाठ

हे सगळं ईएसआयवाल्यांचं झालं. इचलकरंजी, मालेगाव, भिवंडीत साधे माग बंद होतात तेव्हा मागवाला, कांडीवाला, वहिफणीवाला यांच्याकडे ना ईएसआय, ना फंड. वय ४० ते ५५, शिक्षण पाचवी ते आठवी, डोळे अधू, कानाला कमी ऐकू येतं. बहुतेक कोर्सची वयोमर्यादा त्यांच्या आधीच संपलेली असते. यांच्यासाठी नेमकं काय?

---

फिटरभाऊ

वारणाकाठ, प्रश्न बरोबर जागी बोट ठेवणारा आहे. सरकारी प्रशिक्षणाचा साचा तरुण बेरोजगारासाठी घडवलाय, काम सुटलेल्या प्रौढासाठी नाही. डीडीयू-जीकेवायची मूळ मर्यादा १५ ते ३५, महिला, दिव्यांग आणि इतर काही वंचित गटांना ४५. राज्याच्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत १८ ते ३५. तिथे महिन्याला बारावीला ६,०००, आयटीआय किंवा पदविकेला ८,०००, पदवीधराला १०,००० विद्यावेतन आहे. पण बारावीच नसलेल्या मागवाल्याला त्याचा उपयोग शून्य.

या वयाच्या माणसाला पूर्ण नवा धंदा शिकवायला जाऊ नये. हातात असलेल्या कसबाच्या शेजारचं काम शोधायचं. ज्याने साधा माग वीस वर्षं चालवलाय त्याला धाग्याचा ताण, तुटका धागा सांधणं, कापडातला दोष नजरेने पकडणं हे सगळं येतं. रेपियर किंवा एअरजेट मागावर त्याला नवं शिकायचं ते पॅनेल, सेन्सर आणि एकाच वेळी जास्त माग सांभाळायची पद्धत. यासाठी वस्त्रोद्योग मंत्रालयाची समर्थ योजना बघा आणि गावातल्या पॉवरलूम सर्व्हिस सेंटरला विचारा. समर्थमध्ये नवशिक्यांच्या कोर्सला ७० टक्के आणि कामावर असलेल्यांच्या कौशल्यवाढीला ९० टक्के रोजगाराची अट आहे, म्हणून केंद्रालाही माणूस कामाला लावण्याची गरज असते. जॉबरला, म्हणजे माग दुरुस्त करणाऱ्याला, तर वाट आणखी सोपी. दुरुस्तीचं हात बसलेलं काम आहे, कापडाशिवायच्या कारखान्यातही मेंटेनन्स हेल्पर म्हणून शिरता येतं. तिथे आरपीएलचा कागद खरंच कामी येतो, कारण आधीच्या मालकाने अनुभवाचा दाखला दिलेला नसतो.

पीएम विश्वकर्मात मागवाल्यांनी वेळ घालवू नये. त्यातल्या १८ धंद्यांत कापड विणणारा विणकर नाही. शिंपी आहे, मासेमारीचं जाळं विणणारा आहे, पण विणकर नाही.

---

गोदाकाठची

आरसेटीबद्दल थोडं सविस्तर. कल्पना जुनी आहे, १९८२ साली कर्नाटकात उजिरे इथे रुडसेटी सुरू झाली, तिच्या धर्तीवर पुढे जिल्ह्याजिल्ह्यात बँकांनी या संस्था काढल्या. आपल्याकडे बहुतेक जिल्ह्यांत अग्रणी बँक ती चालवते. प्रशिक्षण निवासी आणि पूर्ण मोफत, जेवणासकट. काही दिवसांपासून साधारण दीड महिन्यापर्यंतचे कोर्स, एका बॅचला २५ ते ३५ जण. पुढे दोन वर्षं संस्थेने पाठपुरावा करायचा असतो.

बिघडतं कुठे? कर्जात. प्रशिक्षण आरसेटी देते, कर्ज मात्र तुमच्या गावाला लागू असलेली बँक शाखा देते, आणि त्या शाखाधिकाऱ्याने तुमचं नावही ऐकलेलं नसतं. म्हणून क्रम उलटा लावा. कोर्सला बसण्याआधी आपल्या शाखेत जाऊन खातं चालू आहे का, जुनं पीककर्ज किंवा बचतगटाचं कर्ज थकीत आहे का, सिबिल (कर्जफेडीच्या इतिहासाचे गुण) किती आहे, हे विचारून घ्या. नवऱ्याच्या थकीत कर्जाला बायको जामीनदार असेल तर तिचाही अर्ज अडतो, हे हमखास ऐन वेळी कळतं. कोर्स चालू असताना शेवटच्या आठवड्यात प्रकल्प अहवाल करून घ्या. त्यात यंत्राचं कोटेशन जीएसटी क्रमांकासह हवं. कच्च्या चिठ्ठीवरचं कोटेशन बँक परत पाठवते.

दुसरी गोष्ट, एकाच तालुक्यातल्या तीस बायकांना एकाच वेळी शिवणकाम किंवा ब्युटी पार्लर शिकवतात. बाजारपेठ तेवढीच, पार्लर तीस. आपल्या गावात आणि शेजारच्या दोन गावांत तो धंदा करणारे किती आहेत हे मोजून मगच विषय निवडा. मोबाइल दुरुस्ती, दुचाकी दुरुस्ती, मोटार रिवाइंडिंग, पंप दुरुस्ती या विषयांत बायकांची नावं कमी असतात. पण नियमाने काहीही आडकाठी नाही आणि पंप तर दर उन्हाळ्यात जळतात.

---

निशिगंधा

शिवणकामावरून आठवण झाली म्हणून लिहिते. गारमेंट युनिटमध्ये नोकरी हवी असेल तर सेंटरमध्ये कोणतं मशीन आहे ते आधी डोळ्यांनी बघून या. पायाच्या घरगुती मशीनवर ब्लाउज शिकवत असतील तर तो धंद्याचा कोर्स आहे, नोकरीचा नाही. कारखान्यात सिंगल नीडल लॉकस्टिच, ओव्हरलॉक आणि फ्लॅटलॉक ही मोटरची मशीनं असतात. पायाखालच्या पॅडलला पायाने किती दाब द्यायचा हेच पहिले दोन आठवडे शिकावं लागतं. घरगुती मशीनची सवय असलेली बाई पॅडल पूर्ण दाबते, मशीन सुसाट सुटतं, सुई मोडते आणि बोटही सापडतं. कारखान्यात घेताना पूर्ण शर्ट शिवून दाखवा म्हणत नाहीत. कॉलर, खिसा किंवा बाजूची शिवण यातलं एकच काम देतात आणि तासाला किती नग निघाले ते मोजतात. म्हणून सेंटरला विचारा, "वेळ लावून नग मोजता का?" मोजत नसतील तर तिथून बाहेर पडलेल्या मुली पहिल्याच महिन्यात टार्गेटला घाबरून काम सोडतात.

आणखी एक, मशीनं किती आणि बॅचला बायका किती. दोघींत एक मशीन असेल तर कागदावरचे तास प्रत्यक्षात निम्मेच.

---

सीनाकाठ

ऊसतोडवाल्यांबद्दल कोणीच लिहिलं नाही. हार्वेस्टर वाढतायत, कोयता कमी होतोय. बीड, धाराशिव, अहिल्यानगरच्या पट्ट्यात हे पुढच्या काही हंगामांत जास्त जाणवणार.

त्यांच्यासाठी डीडीयू-जीकेवाय सगळ्यात जवळची. दारिद्र्यरेषेखालची यादी, अंत्योदय कार्ड, बचतगटाचं सदस्यत्व, किंवा रोजगार हमीवर घरातल्या कोणी वर्षात १५ दिवस काम केल्याची नोंद, यातलं एक चालतं. कोर्स तासांवर मोजतात. तीन महिन्यांचा म्हणजे ५७६ तास, रोजचे आठ धरले तर ७२ दिवस. सहा महिन्यांचा ११५२ तास.

अडचण दिवाळीची. बॅच ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सुरू झाली की दिवाळीच्या सुमाराला मुकादमाची उचल घेतलेलं कुटुंब कारखान्यावर निघतं आणि पोरगंही सोबत जातं. हजेरी तुटली की परीक्षेला बसता येत नाही. बॅच एप्रिल-मेमध्ये धरावी. ते जमत नसेल तर निवासी बॅचच घ्यावी आणि उचल घेतानाच त्या पोराचं नाव कोयत्यातून (तोडणाऱ्या जोडीतून) वगळलंय हे मुकादमाशी स्पष्ट करावं. नाहीतर अर्ध्या कोयत्याची फेड त्याच्यावर येते.

नोकरी लागल्यावरचा भत्ता कोणी मागत नाही. मूळ मार्गदर्शक सूचनांप्रमाणे महिन्याला १,०००, जिल्ह्यातच नोकरी असेल तर दोन महिने, राज्यात दुसऱ्या जिल्ह्यात तीन महिने, राज्याबाहेर सहा महिने. पुण्यात किंवा चाकणला खोलीचं डिपॉझिट आणि पहिल्या पगारापर्यंतचा खानावळीचा खर्च याच काळात अंगावर येतो, पोरं परत येतात ती तेव्हाच. संस्थेला शेवटचे हप्ते तुम्ही टिकलात तरच मिळतात. तीन महिन्यांच्या पगारपावत्या त्यांनाही हव्या असतात, तेव्हा भत्त्यासाठी जोर लावायला हरकत नाही.

---

श्रमकायदा

जमीन गेलेल्यांसाठी थोडक्यात. २०१३ च्या भूसंपादन कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत बाधित कुटुंबाला तीन पर्याय आहेत: प्रकल्पात रोजगार निर्माण होत असेल तर कौशल्य प्रशिक्षण देऊन एका व्यक्तीला किमान वेतनापेक्षा कमी नाही अशी नोकरी, किंवा एकरकमी ५ लाख, किंवा २० वर्षं दरमहा किमान २,००० (महागाई निर्देशांकाशी जोडून). नोकरीचा पर्याय घेणार असाल तर पुनर्वसनाच्या निवाड्यात नोकरीचा तपशील लिहिलेला हवा. कोणतं पद, कोणतं प्रशिक्षण, कोण देणार, हे त्यात यायला हवं. प्रकल्पाच्या अधिकाऱ्याने सभेत दिलेला शब्द नंतर कुठेही दाखवता येत नाही. जमीन थेट खरेदीखताने दिली असेल तर असा वेगळा निवाडा सहसा होतच नाही. खरेदीखतावर सही करण्याआधी हे लक्षात घ्या.

प्रकल्पग्रस्ताचा दाखला जिल्हाधिकारी कार्यालयाच्या पुनर्वसन शाखेतून मिळतो. त्यावर शासकीय नोकरीत ५ टक्के समांतर आरक्षण आहे. पण तो दाखला नोकरी देत नाही, फक्त रांग वेगळी करतो. पदाची पात्रता हवीच. घरातल्या ज्या मुलाच्या नावावर दाखला करायचा त्याला आधी आयटीआयला घाला, कारण तंत्रज्ञ, वायरमन, पंपचालक अशा जागांना तीच पात्रता मागतात.

---

वारणाकाठ

फिटरभाऊ, समर्थची माहिती कामाची. आणखी एक अडचण सगळ्याच सेंटरवर येते. माग, गवंडीकाम, ऊसतोड करणाऱ्यांचे बोटांचे ठसे उमटत नाहीत. रोजची हजेरी आधारवर. ठसा लागला नाही की गैरहजर.

---

गोदाकाठची

त्याला उपाय आहे, पण कोर्स सुरू होण्याआधी करायचा. आधार केंद्रावर बोटांचे ठसे, डोळ्याचं बुबुळ आणि फोटो पुन्हा नोंदवून घ्या, त्याला काही दिवस लागतात. सेंटरला पहिल्याच दिवशी डोळ्याच्या किंवा चेहऱ्याच्या पडताळणीची सोय मागा. तोवर कागदी हजेरीपटावर सही करून रोजच्या पानाचा फोटो ठेवा. तात्पुरता इलाज म्हणून बोटं कोमट पाण्याने धुऊन, कोरडी करून, जरासं खोबरेल चोळून पुसली की बऱ्याचदा ठसा उमटतो. चुना, सिमेंट लागलेलं असताना मात्र अजिबात नाही.

विद्यावेतन न येण्याचं कारणही बहुतेक वेळा आधारच असतं. खातं आधारशी "लिंक" असणं आणि सरकारी पैसे येण्यासाठी "सीड" असणं यात फरक आहे. तीन बँकांत खाती असली तर पैसा शेवटी ज्या बँकेत आधार सीड केलं तिथे जातो, फॉर्मवर लिहिलेल्या खात्यात जाईलच असं नाही. आधारच्या संकेतस्थळावर "बँक सीडिंग स्टेटस" बघता येतं, ओटीपी येण्यासाठी मोबाइल क्रमांक चालू हवा. मुलीचं लग्नाआधीचं नाव आधारवर आणि लग्नानंतरचं पासबुकावर असेल तर ते कोर्सला बसण्याआधी एक करा.

---

सीनाकाठ

ई-श्रम कार्डाचं काय? सेंटरवाले सगळ्यांनाच काढायला लावतात.

---

निशिगंधा

सीनाकाठ, ई-श्रम असंघटित कामगारांसाठी आहे, १६ ते ५९ वयाच्या आणि ईएसआय किंवा भविष्यनिर्वाह निधीत नसलेल्यांसाठी. कंपनीतून काम सुटलेल्याने घाईने काढू नये. ईएसआयचा दावा सुरू असताना आपण असंघटित आहोत असं दुसरीकडे लिहून देणं अडचणीचं ठरतं. आधी दावा निकाली काढा. मागवाले, ऊसतोडवाले, घरकाम करणाऱ्या बायका यांनी जरूर काढावं, आणि व्यवसायाच्या रकान्यात सध्याचं मिळेल ते काम न लिहिता जे काम येतं ते लिहावं. महास्वयं या राज्याच्या रोजगार नोंदणीच्या संकेतस्थळावर नाव नोंदवतानाही तेच. तिथे "मजूर" लिहिलं तर रोजगार मेळाव्याचे निरोप हेल्परच्या जागांचेच येतात.

---

फिटरभाऊ

महास्वयंची नोंद जुनी असेल तर उघडून आधी मोबाइल क्रमांक बदला. दहा वर्षांपूर्वीच्या बंद सिमवर निरोप जात राहतात. ते जमत नसेल तर जिल्हा कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्रात आधार आणि जुना नोंदणी क्रमांक घेऊन जायचं. तिथे जिल्ह्यात सध्या कोणत्या केंद्राची कोणती बॅच मंजूर आहे तेही विचारून घ्या. सेंटरवाल्याने सांगितलेली बॅच त्यांच्याकडे नसेल तर त्या सेंटरला आधारची प्रत देऊ नका.